वर्षातून दोन इंजेक्शने आली, आता पुढे काय? आफ्रिकेच्या दक्षिण भागातील एचआयव्ही प्रतिबंध आणि मुलींचे आरोग्य

निशिगंधा

आरोग्य विभागातील हा धागा मुद्दाम काढत आहे, कारण या विषयावर मराठीत फारच कमी लिहिले जाते आणि जे लिहिले जाते ते बहुधा औषधाच्या बातमीपाशी थांबते.

जून २०२४ मध्ये लेनाकापाविर या औषधाच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील १६ ते २५ वयोगटातील पाच हजारांहून अधिक मुली आणि तरुणी त्या चाचणीत होत्या. पोटाच्या त्वचेखाली दर सहा महिन्यांनी हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीची बाधा झाली नाही, तर रोजची प्रतिबंधक गोळी (बाधा होण्याआधीच घ्यायच्या अशा औषधाला, मग ते गोळी असो वा इंजेक्शन, 'प्रेप' म्हणतात) दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणी बाधित झाल्या. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनची शिफारस केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एस्वातिनी आणि झांबिया या देशांत पहिला साठा पोहोचला.

हे सगळे आनंदाचे आहे यात शंका नाही. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत याच भूभागात गोळी आली, योनीत लावायचे जेल आले, औषधी रिंग आली, आणि तरीही २०२३ साली जगभरात दर आठवड्याला १५ ते २४ वयाच्या सुमारे ४,००० मुलींना बाधा होत होती, ज्यांतील सुमारे ३,१०० सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या होत्या. त्यामुळे माझा प्रश्न असा आहे की, उणीव औषधाची होती की औषध ज्या दारातून दिले जाते त्या दाराची? माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. ज्यांनी तिकडे काम केले आहे किंवा वास्तव्य केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सह्यकडा

उत्तम विषय. वाचत आहे.

डर्बनकर

मी बरीच वर्षे दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात राहत आहे आणि माझी पत्नी येथे आरोग्यसेवेत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२०१० साली डर्बनच्या कॅप्रिसा या एड्स संशोधन संस्थेतील क्वाराइशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्याने योनीत लावायच्या टेनोफोविर जेलच्या चाचणीचे निकाल मांडले तेव्हा येथे फार मोठी आशा निर्माण झाली होती. बाधेचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि जोडीदाराची परवानगी न मागता स्त्रीला स्वतः वापरता येईल असे साधन प्रथमच हाती आले होते. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र तो परिणाम पुन्हा दिसला नाही.

त्याहून बोलकी, गोळी आणि जेल दोन्ही तपासणारी चाचणी 'व्हॉइस' या नावाची होती. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे येथील ५,०२९ स्त्रिया तीत होत्या. आपण औषध नियमित घेतो असे बहुतेकींनी सांगितले, पण रक्ताच्या नमुन्यांत औषध जेमतेम चतुर्थांश ते तिसऱ्या हिश्शाइतक्याच ठिकाणी आढळले. 'बायका खोटे बोलल्या' असा निष्कर्ष तेव्हा काही जणांनी काढला आणि तो मला आजही अन्यायकारक वाटतो. नंतर त्याच स्त्रियांशी निवांतपणे बोलल्यावर कळले की घरात एआरव्हीची, म्हणजे एचआयव्हीवरील औषधांची, बाटली दिसली तर सासू, जोडीदार, शेजारी सगळे हिला रोग झाला आहे असेच समजणार होते. जी गोळी निरोगी राहण्यासाठी घ्यायची तीच गोळी रोगाचा पुरावा ठरत असेल, तर ती कोण घेईल?

म्हणून निशिगंधाताई, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की औषधाचे रूप आणि दार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. इंजेक्शन घेतले की घरी लपवायला काही उरत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

औषधशाळा

डर्बनकर यांच्याशी सहमत असलो तरी औषध आणि त्याची किंमत यांना कमी लेखू नये, अशी विनंती करतो. मी पुण्यात औषधनिर्मितीच्या क्षेत्रात आहे.

अमेरिकेत लेनाकापाविरची जाहीर किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ कंपनीने सहा जेनेरिक उत्पादकांना परवाने दिले आणि त्यांत पुण्याची एमक्युअर, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांचा समावेश आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या दोन करारांनुसार डॉ. रेड्डीज आणि हेटेरो हे औषध २०२७ पासून १२० देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलर या दराने देणार आहेत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा एआरव्ही उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा बाजारात तोच उपचार दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयात स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या कायद्यावरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या ३९ औषध कंपन्यांनी आपला दावा मागे घेतला. किंमत उतरली नसती तर दार कितीही मोठे असते तरी त्यातून द्यायला काहीच नसते. हे मी व्यवसायाच्या अभिमानातून लिहीत आहे हे खरे, पण त्याने मुद्दा खोटा ठरत नाही.

प्राजक्त_सडा

एक तांत्रिक शंका आहे. क्षयरोगाची औषधे चालू असतील तर हे इंजेक्शन चालते का? त्या भागात क्षयाचे प्रमाण फार मोठे आहे, असे ऐकून आहे.

औषधशाळा

शंका योग्य आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधामुळे शरीरातील लेनाकापाविरची पातळी खाली येते, त्यामुळे क्षयाचा उपचार चालू असताना जादा मात्रा द्याव्या लागतात. म्हणजे इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेला क्षयाच्या उपचाराचीही माहिती हवी.

गॅबोरोनहून_मीरा

माझे पती बोट्सवानात अभियंता आहेत आणि मी येथील शाळेत शिकवते. या देशाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

बोट्सवानाने २००२ साली 'मासा' हा सरकारी कार्यक्रम सुरू करून नागरिकांना मोफत एआरव्ही उपचार देण्यास प्रारंभ केला आणि असे करणारा हा आफ्रिकेतील पहिला देश होता. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत तेव्हा अध्यक्ष म्बेकी एचआयव्हीमुळेच एड्स होतो की नाही याविषयी शंका उपस्थित करत होते आणि गर्भवती स्त्रियांना बाळाची बाधा टाळणारे नेव्हिरापिन हे औषध मिळावे यासाठी 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' या संघटनेला देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत जावे लागले. तो निकाल जुलै २००२ मध्ये संघटनेच्या बाजूने लागला. दोन देशांची सीमा एक, भाषाही काही अंशी एक, आणि दोन सरकारांच्या निर्णयात एवढे अंतर! उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला.

येथे आईकडून बाळाला होणाऱ्या बाधेचे प्रमाण एके काळी २० ते ४० टक्के होते, ते आता २ टक्क्यांच्याही खाली आले आहे, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेऊन बोट्सवानाला मान्यतेचा रौप्य स्तर दिला. हे यश मिळाले कारण त्यासाठी वेगळे दार उघडावे लागले नाही. प्रत्येक गर्भवती स्त्री तपासणीसाठी येतच होती आणि त्याच भेटीत रक्ताची चाचणी, औषध आणि पुढची तारीख एकत्र मिळत होती. मलावीने तर २०११ साली याहून धाडसी पाऊल उचलले. उपचार कधी सुरू करायचा हे ठरवण्यासाठी रक्तातील सीडी४ पेशी मोजण्याची यंत्रे खेड्यांत नव्हती, तेव्हा मोजणीची वाट न पाहता प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म उपचार सुरू करायचे ठरले. श्रीमंत देशांच्या तज्ज्ञांनी त्यावर बऱ्याच शंका घेतल्या, आणि काही वर्षांतच ती पद्धत जगभर स्वीकारली गेली.

गर्भवती होईपर्यंत मात्र मुलगी कोणत्याच दारातून आत येत नाही, ही माझी खरी चिंता आहे. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थिनी माझ्यासमोर बसतात. त्यांना दवाखाना कुठे आहे हे ठाऊक असते, पण तिथे ओळखीची मावशी बाकावर बसलेली असेल याची भीती त्यांना बाधेच्या भीतीपेक्षा मोठी वाटते.

मूल्यविचार

सर्वांचे प्रतिसाद वाचले. औषधांवर एवढी चर्चा होत आहे, पण संयमाविषयी कोणीच बोलत नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींना विवाहापर्यंत थांबण्याची शिकवण देणे हा प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त आणि निर्दोष मार्ग नव्हे काय? परंपरा असलेल्या समाजात तो अधिक रुजेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डर्बनकर

मूल्यविचार, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा प्रयोग त्या भूमीवर झालेला आहे. २००१ साली एस्वातिनीचे (तेव्हाचे स्वाझीलँड) राजे मस्वाती तिसरे यांनी 'उमच्वाशो' ही जुनी रीत पुन्हा लागू केली. अविवाहित मुलींनी गोंडे घालायचे, शरीरसंबंध टाळायचा आणि नियम मोडणाऱ्याने गाय दंड म्हणून द्यायची, असे तिचे स्वरूप होते. २००५ मध्ये ती मुदतीआधीच संपवण्यात आली. अमेरिकेच्या पेपफार या एचआयव्ही मदतनिधीतूनही २००४ ते २०१३ या काळात आफ्रिकी देशांतील संयमाच्या प्रचारावर सुमारे १४० कोटी डॉलर खर्च झाले, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्याचा लैंगिक वर्तनावर कोणताही परिणाम आढळला नाही.

याचे कारणही क्वाझुलू-नाताळमधील विषाणूंच्या जनुकीय अभ्यासातून २०१७ साली पुढे आले. पंचविशीच्या आतील मुलींना बाधा देणारे पुरुष त्यांच्यापेक्षा सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. ते पुरुष पंचवीस ते चाळीस वयाचे, स्वतःच्या बाधेची बहुधा कल्पनाही नसलेले. मुलगी मोठी होते, तिच्या वयाच्या पुरुषाला तिच्याकडून बाधा होते, आणि तो पुरुष पुन्हा लहान मुलीकडे जातो. या चक्रात जिच्या हाती सर्वांत कमी अधिकार आहेत तिलाच संयम शिकवून काय साध्य होणार? फी, प्रवासभाडे, मोबाइल, घरचे रेशन यांसाठी ती त्या नात्यात असते.

मूल्यविचार

जनुकीय अभ्यासाविषयी मला माहिती नव्हती, धन्यवाद. तरीही मुलांना, म्हणजे मुलग्यांना, काहीच शिकवायचे नाही काय? सगळा भार मुलींवरच का?

सह्यकडा

हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे.

कृष्णाकाठ

मुलग्यांचा प्रश्न निघाला म्हणून लिहितो. पुरुषांसाठी झालेला सर्वांत मोठा कार्यक्रम सुंतेचा होता. २००५ साली जोहान्सबर्गजवळच्या ऑरेंज फार्म येथील चाचणीत सुंता केलेल्या पुरुषांना बाधेचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले, केनिया आणि युगांडातील चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला, आणि २००७ पासून आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत तीन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. एस्वातिनीत २०११ साली एका वर्षात बहुसंख्य तरुणांपर्यंत पोहोचण्याची जी मोहीम आखली गेली, ती मात्र उद्दिष्टाच्या जवळपासही गेली नाही. पुरुष त्या निमित्ताने एकदा दवाखान्यात येतो हा त्यातील मोठा लाभ आहे, कारण एरवी तो येतच नाही. त्याच भेटीत चाचणी आणि गरज असल्यास उपचार सुरू झाला, तर डर्बनकरांनी सांगितलेले चक्र तिथे तुटू शकते. उपचार नियमित घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू न आढळणाऱ्या व्यक्तीकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून बाधा होत नाही, ही गोष्ट आता निःसंशय सिद्ध झाली आहे.

मी सांगलीचा आहे. आमच्याकडे 'वॅम्प' या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने १९९० च्या दशकापासून निरोधचे वाटप आणि प्रबोधन स्वतःच्या हातात घेतले. दक्षिण आफ्रिकेत २०१६ च्या जूनमध्ये प्रेपची गोळी सरकारी पातळीवर प्रथम याच व्यवसायातील स्त्रियांना देण्यात आली. ज्यांना धोका सर्वाधिक त्यांच्यापासून सुरुवात करणे योग्यच होते, पण त्यामुळे 'ही त्या बायकांची गोळी' असा शिक्का बसला आणि महाविद्यालयातील मुली ती घ्यायला कचरू लागल्या. नव्या इंजेक्शनच्या वेळी याचा विचार व्हायला हवा. ते कोणत्याही एका गटाच्या नावाने ओळखले जाऊ नये आणि तरीही त्या गटाला मागे ढकलू नये, हे दोन्ही एकाच वेळी साधणे कठीण असले तरी टाळता येणार नाही.

प्राजक्त_सडा

निधीचे काय? जानेवारी २०२५ नंतर सगळेच थांबले असे वाचले होते.

गॅबोरोनहून_मीरा

सगळे थांबले नाही, पण जे थांबले ते नेमके प्रतिबंधाचे काम होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. फेब्रुवारीत सवलत मिळाली तेव्हा प्रेप फक्त गर्भवती आणि स्तनदा मातांनाच देता येईल अशी अट आली. म्हणजे मी आधी लिहिले तेच झाले. गर्भार राहिल्याशिवाय मुलीला संरक्षण नाही! दक्षिण आफ्रिका एआरव्ही औषधांचा बहुतांश खर्च स्वतः करते आणि तिच्या एचआयव्ही खर्चात पेपफारचा वाटा साधारण १७ टक्के होता, त्यामुळे तिथे औषधे मिळत राहिली. गेले ते समुपदेशक, वस्तीत फिरणारे कार्यकर्ते आणि तरुणांसाठीचे वेगळे दवाखाने.

गर्भपाताविषयीची अमेरिकेची अटही (गर्भपाताची सेवा किंवा पुरस्कार करणाऱ्या परदेशी संस्थेला निधी नाही) येथे जोडून पाहावी लागते. २०१७ साली ती सर्व आरोग्यनिधीला लागू झाली, तेव्हा मोझांबिकच्या 'आमोदेफा' या कुटुंबनियोजन संस्थेने सही करण्यास नकार दिला आणि तिचा मोठा निधी गेला. त्या संस्थेकडून तरुणांना मिळणारी एचआयव्ही चाचणीही त्यामुळे आटली. गर्भपात, गर्भनिरोध आणि एचआयव्ही यांची खाती कागदावर निराळी असतात. मुलीच्या आयुष्यात मात्र ती एकाच रात्रीची गोष्ट असते.

निशिगंधा

मीराताई, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावरूनच मी मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण माझ्या मनात पहिल्यापासून तोच होता.

२०१९ साली 'एको' नावाच्या चाचणीचे निकाल आले. गर्भनिरोधक इंजेक्शनमुळे एचआयव्हीचा धोका वाढतो का, ही जुनी शंका तपासण्यासाठी दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी, झांबिया आणि केनिया येथील ७,८२९ स्त्रियांना इंजेक्शन, तांबी किंवा दंडात बसवायची कांडी यांपैकी एक साधन देण्यात आले. तिन्ही साधनांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि वृत्तपत्रांनी तेवढेच छापले. पण त्या चाचणीत ३९७ स्त्रिया बाधित झाल्या, म्हणजे वर्षाला ३.८ टक्के. या स्त्रिया स्वतःहून गर्भनिरोधासाठी आल्या होत्या, नियमित दवाखान्यात येत होत्या, त्यांना निरोध आणि समुपदेशन मिळत होते. धोक्यात असलेली तरुणी सापडत नाही असे आपण म्हणतो, आणि ती तर कुटुंबनियोजनाच्या बाकावर दर तीन महिन्यांनी बसलेली असते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर लेनाकापाविरच्या चाचणीतही पाचशेच्या आसपास गर्भधारणा झाल्या. त्या मुलींना औषध चालू ठेवता आले ही चाचणी आखणाऱ्यांची दूरदृष्टी होती, कारण पूर्वी गर्भवतींना सर्रास वगळले जात असे. पण एचआयव्हीपासून वाचलेली सतरा वर्षांची मुलगी नको असलेल्या गर्भधारणेमुळे शाळा सोडत असेल, तर आपण तिचे अर्धेच रक्षण केले.

डर्बनकर

एको चाचणीच्या डर्बनमधील केंद्राविषयी माझ्या पत्नीकडून बरेच ऐकले होते, आणि तुमचा निष्कर्ष तिच्याही मताशी जुळतो. येथील गर्भनिरोधक इंजेक्शन दोन किंवा तीन महिन्यांचे असते आणि प्रेपचे सहा महिन्यांचे. दोन्ही तारखा एकाच कार्डावर, एकाच टेबलावर जुळवणे शक्य आहे. त्यासाठी नवा दवाखाना नको, प्रशिक्षित परिचारिका हवी. अडचण अशी की दोन खात्यांच्या नोंदवह्या वेगळ्या, साठा वेगळा आणि देणगीदारही वेगळे. एका सरकारी केंद्रात (नाव लिहीत नाही) एका मुलीला गर्भनिरोधासाठी एक रांग आणि प्रेपसाठी दुसऱ्या दिवशीची वेळ देण्यात आली होती. ती दुसऱ्या दिवशी आली नाही.

औषधशाळा

हे वाचून एक गोष्ट मान्य करायला हवी की ४० डॉलरच्या औषधाला दुसऱ्या दिवशीच्या बसभाड्यावर इलाज नाही.

मूल्यविचार

पालकांच्या संमतीचे काय? सोळा वर्षांच्या मुलीला आईवडिलांना न विचारता इंजेक्शन द्यावे, असे सर्वांचे म्हणणे आहे का?

कृष्णाकाठ

माझे तरी तसेच म्हणणे आहे. आईवडिलांना सांगता आले तर उत्तमच, पण सांगता येत नाही म्हणून तिला असुरक्षित ठेवणे मला पटत नाही.

गॅबोरोनहून_मीरा

दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बालक कायद्यानुसार बारा वर्षांपुढील मुलांना गर्भनिरोधके आणि एचआयव्ही चाचणी पालकांच्या संमतीशिवाय मिळू शकते. म्हणजे कायद्याने ते दार उघडलेले आहे. प्रत्यक्षात टेबलापलीकडची बाई 'तुझ्या आईला ठाऊक आहे का?' असे विचारते आणि मुलगी उठून जाते. शेजारच्या सर्व देशांत कायदा इतका मोकळा नाही. मूल्यविचार, मी स्वतः एका मुलीची आई आहे, आणि तिने मला विश्वासात घ्यावे असे मलाही वाटते. तो विश्वास मात्र दवाखान्याच्या नियमातून निर्माण होणार नाही, तो मला घरीच मिळवावा लागेल.

सह्यकडा

निशिगंधाताई, पुढील वर्षभरात कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे हे कोणी सांगू शकेल का? बातम्या फक्त आलेल्या साठ्याच्या येतात.

निशिगंधा

मी तीन गोष्टींकडे पाहणार आहे. ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय आरोग्यनिधी आणि अमेरिका यांनी मिळून तीन वर्षांत २० लाख लोकांपर्यंत हे इंजेक्शन पोहोचवायचे ठरवले आहे आणि अमेरिकेने पुन्हा गर्भवती व स्तनदा मातांना प्राधान्य दिले आहे. त्यामुळे गर्भवती नसलेल्या किती मुलींना ते मिळते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुसरे म्हणजे, ते कुटुंबनियोजनाच्या खोलीत दिले जाते की फक्त एचआयव्हीच्या. तिसरी गोष्ट पहिल्या इंजेक्शनची नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्यासाठी कितीजणी परत येतात, हा आकडा एस्वातिनी आणि झांबियातून मिळाला की तो येथेच नोंदवीन. मीराताई आणि डर्बनकर, तुमच्या भागात एखाद्या केंद्रात दोन्ही सेवा एकाच टेबलावर सुरू झाल्याचे दिसले तर कृपया या धाग्यावर लिहावे.

डर्बनकर

नक्की लिहीन. पत्नीच्या विभागात पुढील महिन्यात परिचारिकांचे प्रशिक्षण आहे, त्यात गर्भनिरोधाचा भाग ठेवला आहे की नाही हे तिला विचारून कळवतो.